पूररेषा पुसली जाऊ नये म्हणून: वैज्ञानिक ॲनिमेशनसाठी व्हिडिओ कोडेक कसा निवडावा

गेल्या मार्चमध्ये सोलापुरात आमच्या विभागातल्या एका एमएस्सीच्या विद्यार्थिनीचं प्रकल्प-सादरीकरण होतं. विषय भीमेच्या पुराचा. उजनीतून पाणी सोडलं की पूरलाट पंढरपूरकडे कशी सरकते, नृसिंहपूरच्या संगमावर नीरेचं पाणी मिळालं की तिची उंची कशी बदलते, याचं गणित तिनं संगणकावर सोडवलं होतं आणि त्याचं २४ सेकंदांचं ॲनिमेशन केलं होतं. पाण्याची खोली निळ्या छटांत. त्यावर पूरनकाशांत असतात तशा दोन रेषा: २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल.

प्रयोगशाळेतल्या उबुंटूवर सगळं सुरळीत चाललं. सभागृहातल्या विंडोज लॅपटॉपवर स्लाइड उघडली, तर चित्राच्या जागी काळा चौकोन. कुणीतरी धावपळ करून फाइल एका ऑनलाइन कन्व्हर्टरमधून काढून आणली. ती चालली, पण लाल रेषा पाण्यात विरघळल्यासारखी झाली होती. परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं: "पाणी लाल रेषेच्या आत आहे की बाहेर?" तिला उत्तर तोंडपाठ होतं, पडद्यावर दाखवता येईना. सहा महिन्यांच्या कामाचा निष्कर्ष त्या एका रेषेत होता.

यात तिची चूक नव्हती. समीकरणं सोडवायला आम्ही शिकवलं, फाइल कशी बांधायची हे शिकवलंच नव्हतं. म्हणून त्यानंतर विभागातल्या मुलांसाठी जे टिपण केलं, तेच इथे सविस्तर देतो आहे.

घाईत असाल तर एवढं करा

एमपी४ फाइल, तिच्यात एच.२६४ कोडेक (चित्र दाबून भरण्याची पद्धत), ८ बिट, ४:२:० रंगपद्धत. लांबी-रुंदी दोन्ही सम संख्या, १९२० × १०८०च्या आत. सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेम. दर्जाचा आकडा, म्हणजे सीआरएफ, १६ ते १८. ही फाइल विंडोज, मॅक, अँड्रॉइड, आयफोन, ब्राउझर आणि पॉवरपॉइंट अशी जवळजवळ सगळीकडे चालते. आज रात्रीच फाइल पाठवायची असेल तर इथे थांबलात तरी चालेल. वेळ असेल तर पुढचं वाचा, कारण फाइल चालली तरी रेषा दिसेलच असं नाही.

डबा वेगळा, आतलं वेगळं

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. एमपी४, एमओव्ही, एव्हीआय, एमकेव्ही, वेबएम ही डब्यांची नावं आहेत. डब्यात चित्र कुठल्या पद्धतीनं दाबून भरलं आहे, ती पद्धत म्हणजे कोडेक. एच.२६४, एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१ हे कोडेक. एकाच एमपी४च्या डब्यात एच.२६४ असू शकतो, एचईव्हीसी असू शकतो, नव्वदच्या दशकातला एमपीईजी-४ भाग २ सुद्धा असू शकतो. म्हणून "सर, मी एमपी४च दिलं होतं" हे पूर्ण उत्तर होत नाही. आत काय आहे ते बघायचं असेल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये टूल्सच्या मेनूत कोडेकची माहिती मिळते. मीडियाइन्फो नावाचं छोटं मोफत साधन तर एका नजरेत सगळं सांगतं. पुढची पायरी करण्याआधी तुमच्याकडच्या एका जुन्या फाइलवर ते चालवून बघाच.

कोडेक लागतोच कशाला, हा हिशेब मुलांना फळ्यावर करायला लावतो. १९२० × १०८० ठिपके, प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा असे ३ बाइट. एका फ्रेमचे सुमारे ६२ लाख बाइट झाले. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे १५५ मेगाबाइट, आणि एका मिनिटाला ९ गिगाबाइटच्या वर. एवढं ओझं कुणालाच पाठवता येणार नाही.

कोडेक ते कमी कसं करतो, हे सोलापूरच्या मुलांना पटकन समजतं, कारण इथे अनेकांच्या घरात नाहीतर शेजारी माग पाहिलेला असतो. जकार्ड चादरीच्या नक्षीत बरीचशी जमीन एकसारखी असते आणि तीच फुलं पुन्हा पुन्हा येतात. ती कुणाला तोंडी समजावून सांगायची झाली तर आपण एकेक धागा सांगत बसत नाही. "हेच फूल चार बोटं उजवीकडे" म्हणतो आणि जिथे फरक आहे तेवढाच सांगतो. कोडेकही पहिली फ्रेम पूर्ण लिहितो, तिला की-फ्रेम म्हणतात. पुढच्या फ्रेममध्ये तो फक्त काय सरकलं आणि काय बदललं एवढंच नोंदवतो. बदल बारीक असेल आणि डोळ्याला जाणवणार नाही असं त्याला वाटलं, तर तो टाकूनही देतो. सिनेमात ते चालतं. आपल्या कामात मात्र ती बारीक गोष्ट म्हणजेच मोजमाप असू शकतं.

पहिली पायरी: मूळ फ्रेम जपा

जकार्डची चादर विणण्याआधी नक्षीचा ग्राफ काढतात. ग्राफ हाताशी असला की हव्या तेवढ्या चादरी निघतात, चादरीवरून तंतोतंत ग्राफ परत काढणं अवघड. तुमचा ग्राफ म्हणजे पीएनजी फ्रेमची मालिका. चित्र काढायचं साधन मॅटप्लॉटलिब असो, पॅराव्ह्यू, व्हीएमडी किंवा ब्लेंडर असो, थेट व्हिडिओ काढायचा मोह टाळा आणि आधी सगळ्या फ्रेम पीएनजीत काढा. जेपीजी नको, कारण त्यात अक्षरांच्या आणि रेषांच्या कडेला धूसर डाग येतात आणि व्हिडिओ करताना ते आणखी वाढतात.

आणखी एक फायदा अनुभवातून सांगतो. पाचशेव्या फ्रेमला वीज गेली तर आधीच्या ४९९ हातात राहतात.

फ्रेमची नावं ०००१, ०००२ अशी शून्य भरून द्या. नाहीतर यादीत १ नंतर १०, मग १००, आणि मग कुठेतरी २ येतो. मधला एकही क्रमांक गाळू नका. फ्रेम जोडून व्हिडिओ करणारं एफएफएमपेग हे साधन खंड पडला तिथेच थांबतं, आणि बऱ्याचदा ते लक्षात येत नाही, व्हिडिओ नुसता आखूड निघतो. मॅटप्लॉटलिबमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र जतन करताना कडेची मोकळी जागा कापणारा 'टाइट' पर्याय वापरू नका. अक्षावरचा आकडा ९ वरून १० झाला की फ्रेमची रुंदी दोन-चार ठिपक्यांनी बदलते आणि सगळी मालिका बिघडते. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवू नका, पांढरी भरा. एच.२६४च्या नेहमीच्या फाइलमध्ये पारदर्शकतेला जागाच नसते.

दुसरी पायरी: रंगांचं गणित (हे सावकाश वाचा)

लाल रेषा का गेली, याचं उत्तर ४:२:० या तीन आकड्यांत आहे.

व्हिडिओत रंग लाल-हिरवा-निळा असे ठेवत नाहीत. प्रत्येक ठिपक्याची उजळता एकीकडे आणि रंगछटा दुसरीकडे अशी विभागणी करतात. माणसाचा डोळा उजळतेतला फरक बारकाईनं टिपतो, रंगछटेतला तितका नाही. त्याचा फायदा घेऊन ४:२:० पद्धतीत उजळता प्रत्येक ठिपक्याची ठेवतात, पण रंगछटा मात्र २ × २ अशा चार ठिपक्यांना मिळून एकच. म्हणजे रंगाचं चित्र लांबीला निम्मं आणि रुंदीला निम्मं. आता निळ्या पाण्यावर एक ठिपका जाडीची लाल रेषा काढा. चारच्या चौकटीत दोन ठिपके लाल, दोन निळे. सरासरी निघते मळकट जांभळी. त्यातून लाल आणि निळा यांची उजळता जवळजवळ सारखी असेल, तर डोळ्याला धरायला काहीच उरत नाही.

४:४:४ पद्धतीत प्रत्येक ठिपक्याचा रंग स्वतंत्र राहतो, मग तीच का वापरू नये? कारण आमचा काळा चौकोन तिथूनच आला होता. पीएनजी फ्रेम दिल्या आणि काही सांगितलं नाही, तर एफएफएमपेग एच.२६४साठी आपणहून ४:४:४ निवडतं. व्हीएलसी ते वाजवतं. पॉवरपॉइंट, क्विकटाइम आणि बहुतेक फोन वाजवत नाहीत. त्यामुळे देवाणघेवाणीच्या फाइलसाठी ४:२:० स्पष्टपणे मागायचं आणि नुकसान भरून काढायचं ते चित्र काढतानाच.

कसं? महत्त्वाच्या रेषा १९२०च्या रुंदीवर निदान ३ ठिपके जाड काढा. रेषेला बारीक पांढरी किनार द्या. किनार उजळतेत मोडते, तिला धक्का लागत नाही. एकमेकांशेजारी येणारे रंग छटेबरोबर उजळतेतही वेगळे ठेवा. इंद्रधनुष्यासारखी 'जेट' रंगमाला इथे दोनदा घात करते: तिच्यात फरक मुख्यतः छटेचा असतो, आणि तिची उजळता मध्येच चढते, मध्येच उतरते. मॅटप्लॉटलिबनं २०१७च्या २.० आवृत्तीपासून मूळ रंगमाला म्हणून 'विरिडिस' घेतली. ती गडद ते उजळ अशी एकसारखी चढते, त्यामुळे रंगछटा थोडी बोथट झाली तरी मूल्याचा क्रम वाचता येतो. आमच्या पूरलाटेत पाण्यासाठी फिकट ते गडद निळा ठेवला, लाल रेषा ४ ठिपक्यांची केली आणि तिला पांढरी किनार दिली. मागच्या रांगेतून दिसली.

रंगाबद्दल अजून एक फसगत. उजळता आणि छटा वेगळी करण्याची नेहमीची सूत्रं दोन आहेत: जुन्या टीव्हीची बीटी.६०१ आणि एचडीची बीटी.७०९. फाइल एका सूत्रानं बनली आणि प्लेअरनं दुसरं धरलं, तर हिरवे आणि लाल रंग थोडे सरकतात. रूपांतर करताना बीटी.७०९ वापरा आणि फाइलमध्ये तशी नोंदही करा. तरीही प्रत्येक पडद्यावर रंग तोच दिसेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही, म्हणून रंगपट्टी प्रत्येक फ्रेमच्या आतच काढा, स्लाइडवर वेगळी चिकटवू नका. रंग सरकला तर पट्टीही त्याच्याबरोबर सरकते आणि वाचन चुकत नाही.

तिसरी पायरी: कोडेक

आता निवड सोपी होते.

एच.२६४ हे प्रमाण २००३चं. बरीच वर्षं फोन, लॅपटॉप, टीव्ही यांच्या चिपमध्येच ते वाचण्याची सोय असते, म्हणून जुना लॅपटॉपसुद्धा न अडखळता चालवतो. त्याचा धाकटा भाऊ एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५, २०१३चा. फाइल आणखी लहान करतो, आयफोनवर आणि मॅकवर छान चालतो, पण विंडोजवर अनेकदा वेगळं एक्स्टेन्शन टाकावं लागतं, आणि सभागृहातल्या दुसऱ्याच्या लॅपटॉपवर ते असेल याचा भरवसा नाही. व्हीपी९ आणि २०१८चा एव्ही१ हे रॉयल्टीमुक्त. वेबसाइटवर ठेवायला उत्तम, आणि मला तत्त्व म्हणून एव्ही१ मनापासून आवडतो. पण पाच-सहा वर्षं जुन्या मशीनवर तो चिपच्या मदतीशिवाय उलगडावा लागतो आणि चित्र अडकत अडकत चालतं. आपल्या महाविद्यालयांतली मशीनं किती जुनी असतात हे मी सांगायला नको.

लिनक्सवाल्यांसाठी एक बाब. पेटंटच्या कारणामुळे काही वितरणं एच.२६४ सोबत देत नाहीत, वेगळं पॅकेज घ्यावं लागतं. समोरचा गट पूर्णपणे लिनक्सवर असेल तर एमपी४बरोबर वेबएममध्ये व्हीपी९ची एक प्रतही द्या.

जीआयएफचं काय? १९८७चं हे स्वरूप एका फ्रेमला फक्त २५६ रंग देतं, त्यामुळे सलग छटांच्या जागी पट्टे दिसतात. थांबवायची, मागे न्यायची सोयही नाही. पाच सेकंदांचा साधा लंबक दाखवायला ठीक, पूरलाटेला नाही.

आणि जतन करून ठेवायची प्रत? पीएनजी मालिकाच सर्वांत भक्कम. एकच फाइल हवी असेल तर एमकेव्हीच्या डब्यात एफएफव्ही१. हा काहीही न टाकणारा, खुला कोडेक आहे आणि २०२१ पासून त्याचं अधिकृत वर्णन आरएफसी ९०४३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध आहे. ही प्रत मात्र तुमच्या हार्डडिस्कसाठी, पाहुण्यांसाठी नाही.

चौथी पायरी: प्रत्यक्ष बांधणी

एफएफएमपेग मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्ही प्रणालींवर मिळतं. आज्ञेत काय काय असायला हवं ते त्याच क्रमानं सांगतो. सगळ्यात आधी, इनपुटच्या नावापूर्वी, फ्रेमरेट. तो न दिल्यास मालिका सेकंदाला २५नं वाचली जाते. मग फ्रेमच्या नावाचा साचा, चार आकडी क्रमांकासह. मालिका १०० पासून सुरू होत असेल तर आरंभ क्रमांकही सांगावा लागतो. मग व्हिडिओ कोडेक म्हणून लिबएक्स२६४ (एच.२६४ फाइल बांधणारा एक्स२६४), त्याला सीआरएफ १८, प्रीसेट 'स्लो', ट्यून 'ॲनिमेशन'. मग पिक्सेल फॉरमॅट 'वायूव्ही४२०पी', म्हणजेच ४:२:०. शेवटी मूव्ह-फ्लॅग्जमध्ये 'फास्टस्टार्ट'.

सीआरएफ ० ते ५१ असतो. आकडा लहान तेवढा दर्जा चांगला आणि फाइल मोठी. न सांगितल्यास २३ धरला जातो. २३ला आलेखाच्या बारीक अक्षरांभोवती धुरकटपणा दिसू लागतो, १८ला सहसा दिसत नाही. ० दिलं तर काहीही न गमावणारी फाइल मिळते, पण ती वेगळ्या प्रोफाइलची असते आणि बरेच प्लेअर नाकारतात, तेव्हा शून्याचा हट्ट नको. 'प्रीसेट' म्हणजे संगणकाला विचार करायला किती वेळ द्यायचा एवढंच. २४ सेकंदांच्या ॲनिमेशनला 'स्लो' परवडतं. फास्टस्टार्टमुळे फाइलची अनुक्रमणिका शेवटून पुढे येते आणि ब्राउझरमध्ये पूर्ण उतरण्याआधीच चित्र सुरू होतं.

उंची किंवा रुंदी दोननं भागत नाही अशी तक्रार आली तर घाबरू नका. ४:२:० दोन-दोनच्या चौकटी मागतं, आणि ८०१ ठिपक्यांत त्या बसत नाहीत. चित्र ताणू नका, कडेला एक ठिपका पांढरी पट्टी जोडा. ताणलं की सगळ्या रेषा मऊ होतात.

वर्गात शिकवणाऱ्यांसाठी एक सेटिंग मला फार मोलाचं वाटतं, आणि ते सहसा कुणी सांगत नाही. एक्स२६४ दोन की-फ्रेममध्ये २५० फ्रेमपर्यंत अंतर ठेवतो. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर दहा सेकंद. "लाट संगमाला लागते तो क्षण परत बघू" म्हणून पट्टी मागे ओढली, की प्लेअरला आधीच्या की-फ्रेमपासून सगळं पुन्हा उलगडावं लागतं, आणि चित्र दचकत दचकत येतं. हे अंतर १० किंवा १२ फ्रेमवर आणा. फाइल थोडी फुगते, पण हवा तो क्षण बोटानं धरल्यासारखा सापडतो.

आज्ञा टाइप करायची नसेल तर हँडब्रेक हे बटणांवर चालणारं साधन वापरा. त्यात 'वेब ऑप्टिमाइज्ड' ही खूण केली की फास्टस्टार्टचं काम होतं. मात्र हँडब्रेक पीएनजी मालिका घेत नाही, त्याला आधी तयार व्हिडिओ लागतो. मालिका जोडायला शॉटकट किंवा ब्लेंडर चालतं.

वेगाबद्दल एक गोष्ट मी अडून बसून सांगतो. फ्रेम कमी आहेत म्हणून मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरकडून 'भरून' घेऊ नका. ती फ्रेम तुमच्या समीकरणातून आलेली नसते, अंदाजानं रंगवलेली असते. गणित पुन्हा चालवा, वेळेचे टप्पे बारीक करा. नाहीतर सेकंदाला १२ फ्रेम दाखवा आणि कोपऱ्यात काळ लिहा.

पाचवी पायरी: तपासणी, आणि व्हीएलसी तपासणीत धरू नका

व्हीएलसी जवळपास काहीही चालवतं. म्हणूनच ते तपासणीच्या कामाचं नाही. विंडोजचा स्वतःचा प्लेअर, मॅकचा क्विकटाइम, एखादा साधा अँड्रॉइड फोन आणि एक ब्राउझर, एवढ्या चार ठिकाणी फाइल उघडा. पॉवरपॉइंटमध्ये घालायची असेल तर घातलेल्या फाइलवरच तपासा. त्यातला 'कॉम्प्रेस मीडिया' पर्याय वापरला तर तुमच्या सीआरएफची सगळी मेहनत वाया जाते. लिब्रेऑफिस इम्प्रेस चित्र चालवण्यासाठी प्रणालीतल्याच कोडेकवर अवलंबून राहतं, तेव्हा तिथे वेगळी तपासणी.

प्रोजेक्टरही बघा. कित्येक वर्गांतले प्रोजेक्टर अजून १०२४ × ७६८चे आहेत. १९२०च्या रुंदीवर १४ ठिपके उंचीचं अक्षर तिथे साडेसातवर येतं आणि वाचता येत नाही. अक्षरं आधीच दुप्पट करा.

पाठवताना

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकला की तो पुन्हा दाबला जातो आणि लाल रेषेचं पुन्हा तेच होतं. 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, फाइल जशीच्या तशी जाते. यूट्यूबही आपल्या पद्धतीनं पुन्हा बांधतं, त्यामुळे बघायला यूट्यूब आणि मोजायला मूळ फाइलचा ड्राइव्हवरचा दुवा, असं दोन्ही द्या. सोबत चार ओळींची मजकूर फाइल ठेवा: गणिताचं कुठलं प्रारूप (मॉडेल), पडद्यावरचा एक सेकंद म्हणजे प्रत्यक्षात किती तास, रंगपट्टीचं एकक, आणि फाइलचा एसएचए-२५६ ठसा (फाइल बदललेली नाही हे ताडून बघायचा आकडा). दोन वर्षांनी कुणी फाइल उघडली तर तिला अर्थ राहतो.

पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएसवर मॅक आपणहून लिहू शकत नाही आणि फॅट३२ला ४ गिगाबाइटच्या वरची फाइल चालत नाही. एक्सफॅट तिन्हीकडे वाचता-लिहिता येतो.

त्या विद्यार्थिनीनं जूनमध्ये ॲनिमेशन पुन्हा बांधलं. गणिताची उत्तरं तिनं जपून ठेवली होती, म्हणून गणित परत चालवावं लागलं नाही, फक्त रेषा जाड करून फ्रेम पुन्हा काढल्या. नवी फाइल ११ मेगाबाइटची झाली. दुसऱ्या सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं सभागृहात गेलो, तिथल्याच लॅपटॉपवर, तिथल्याच प्रोजेक्टरवर ती चालवली, आणि लाट संगमाला लागते तिथे तिनं पट्टी थांबवली. पाणी लाल रेषेच्या आत होतं.